रक्त कधी आंबट होतं का?

प्रश्न : गेल्या महिन्यात आमच्या अपार्टमेंटमध्ये पाण्याच्या मशीनचा डेमो झाला. दोन ग्लासांत रंगाचे थेंब टाकले. नळाचं पाणी हिरवट झालं, मशीनचं जांभळं. ‘कॅन्सर ॲसिडिक शरीरातच वाढतो, अल्कलाइन शरीरात तो जगूच शकत नाही, हे नोबेल मिळालेल्या जर्मन शास्त्रज्ञानं सिद्ध केलंय,’ असं सांगून गेले. तेव्हापासून मंडळींनी घरात मटण बंद केलंय आणि सकाळी सगळ्यांना लिंबूपाण्यात खायचा सोडा घालून देतात. माझ्या मेहुण्यांना मागल्या वर्षी तोंडाचा कॅन्सर निघाला, त्यामुळं घरात सगळेच धास्तावलेत. मशीन घ्यावं का? आणि रविवारचा तांबडा-पांढरा कायमचा गेला असं समजावं का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मशीन घेऊ नका. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं एवढ्या थोडक्यात देता येणार नाहीत, कारण तुम्हाला सांगितलेल्या गोष्टीत खऱ्या विज्ञानाचे बरेच तुकडे आहेत. फक्त ते भलत्याच ठिकाणी चिकटवलेले आहेत.

आधी ते रंगाचे थेंब. त्यात हातचलाखी नव्हती. पीएच दाखवणारा तो रंग शाळेच्या प्रयोगशाळेतही असतो. पीएच ७ म्हणजे ना आम्ल ना अल्कली. त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली, आणि दर अंकामागे दहापट फरक. पिण्याच्या पाण्याचा पीएच भारतीय मानकानुसार ६.५ ते ८.५ असावा लागतो. अशा मशीनचं पाणी ९ किंवा ९.५ पर्यंत जातं. रंग बदलणारच. पण ते पाणी घशाखाली उतरल्यावर काय होतं, हे कुठल्याच डेमोत दाखवत नाहीत.

घशाखाली जठर आहे, आणि जठररसाचा पीएच साधारण १.५ ते ३.५ असतो. आता हिशेब करा. पीएच ९.५ च्या लिटरभर पाण्यात जेवढी अल्कली असते, ती संपवायला पीएच १.५ चा जठररस एक मिलीलिटर पुरतो. म्हणजे साधारण वीस थेंब. पाण्यात बायकार्बोनेटसारखे क्षार असतील तर आणखी थोडे लागतील. जठर दिवसाला दीड-दोन लिटर रस तयार करतं. लाखाच्या घरातलं यंत्र विरुद्ध वीस थेंब, असा हा सामना आहे.

सोड्याची गोष्ट वेगळी. त्यात अल्कली भरपूर असते, म्हणूनच छातीतली जळजळ तो चटकन थांबवतो. पण जादा सोडा रक्तात पोचला की मूत्रपिंडं तो लघवीवाटे काढून टाकतात. ‘बघा, लघवीची पट्टी निळी झाली, शरीर अल्कलाइन झालं’ असंही तुम्हाला कुणीतरी सांगेल. लघवीचा पीएच ४.५ पासून ८ पर्यंत कुठंही फिरतो, आणि तो फिरतो म्हणूनच रक्ताचा फिरत नाही. पट्टीवर दिसतं ते शरीरानं बाहेर टाकलेलं.

रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात असतो, म्हणजे तसंही ते किंचित अल्कलाइनच असतं. खाल्लेल्या अन्नातून, विशेषतः प्रथिनांतल्या गंधकातून, रोज थोडं आम्ल तयार होतं हे खरं आहे. बाष्पासारखं उडून जाणारं आम्ल फुफ्फुसं घालवतात, कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडून; उरलेलं मूत्रपिंडं. रक्तात विरघळलेलं बायकार्बोनेट मधल्या मधे झटके सोसत असतं. ही व्यवस्था बिघडते ती मूत्रपिंडं निकामी झाल्यावर, मधुमेह फार विकोपाला गेल्यावर किंवा रक्तात जंतुसंसर्ग पसरल्यावर, आणि तेव्हा माणूस आयसीयूत असतो. मटणाच्या दोन वाट्या जास्त झाल्यानं कुणाचं रक्त आंबट होत नाही.

करवीर-पन्हाळा भागात कुणा गुळव्याला विचारा, त्याला हे लगेच कळेल. उसाचा रस आंबूस असतो, पीएच पाचाच्या थोडा वर. काहिलीत चुन्याची निवळी टाकली की तो वर चढतो, भेंडीच्या चिकानं मळी वर येते, रस साफ होतो. चुना जास्त पडला तर गूळ काळपट पडतो. गुळव्या जेवढा चुना टाकेल तेवढा पीएच हलतो, कारण काहिलीला मूत्रपिंड नसतं. अल्कलाइन आहार विकणारे माणसाच्या शरीराकडं काहील म्हणून बघतात.

तरीही रक्त खरोखर आम्लाकडं झुकल्याचं पाहायचं असेल, तर तेही कोल्हापुरात पाहायला मिळतं. शाहू महाराजांनी बांधवून घेतलेल्या खासबाग मैदानात (ते १९१२ साली पुरं झालं) एखादी निकाली कुस्ती अटीतटीनं चालली की दोन्ही पैलवानांच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं. कडक व्यायामानंतर रक्ताचा पीएच काही मिनिटं ७.२ किंवा त्याच्याही खाली गेल्याची मोजमापं आहेत. पैलवान धापा टाकतो, त्या धापांतून कार्बन डायऑक्साइड जातो, आणि थोड्या वेळात सगळं पूर्ववत होतं. रक्तातल्या आम्लामुळं कॅन्सर होत असता, तर गंगावेस तालमीपासून शाहूपुरी तालमीपर्यंत रोज हजारभर जोर-बैठका मारणाऱ्यांना तो सगळ्यात आधी व्हायला हवा होता. मोठ्या अभ्यासांत दिसतं ते उलट. नियमित व्यायाम करणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी आढळतो.

आता तो जर्मन शास्त्रज्ञ. ओटो वारबुर्ग त्याचं नाव. नोबेल त्याला १९३१ साली मिळालं हे बरोबर, पण ते पेशींच्या श्वसनात काम करणाऱ्या विकराच्या शोधासाठी. कॅन्सरचं कारण शोधल्याबद्दल नव्हे. त्याआधी, १९२० च्या दशकात, त्यानं एक विलक्षण गोष्ट पाहिली होती. गाठीतल्या पेशी साखर भराभर ओढतात आणि भोवती ऑक्सिजन असतानाही ती आंबवून लॅक्टिक आम्ल बनवतात. हे निरीक्षण आजही टिकून आहे. पेट स्कॅन करताना किरणोत्सारी ग्लुकोज टोचतात आणि ते जिथं गोळा होतं तिथं गाठ उजळते, त्यामागंही पेशींची हीच साखरेची हाव असते. पेशीचं श्वसन बिघडणं हेच कॅन्सरचं मूळ कारण, असं वारबुर्गचं शेवटपर्यंत मत होतं. त्या मतापुढं विज्ञान गेलं. जनुकांतल्या बिघाडांची गोष्ट पुढं आली. पण लिंबूपाणी प्या, असं त्या संशोधनातून कुठंच निघत नाही.

यातला महत्त्वाचा भाग असा की गाठीभोवतीचं आम्ल गाठ स्वतः तयार करते. पीएच तिथं ६.५ ते ६.९ पर्यंत उतरलेला सापडतो. आम्ल आधी आणि गाठ नंतर, असा क्रम नाही. शिवाय कॅन्सरची पेशी ते आम्ल बाहेर ढकलत असल्यामुळं तिच्या आतला भाग निरोगी पेशीपेक्षा थोडा अल्कलाइनच राहतो. ‘अल्कलाइनमध्ये कॅन्सर जगत नाही’ म्हणणाऱ्यांना हे कुणीतरी हळूच सांगायला हवं.

सगळंच टाकाऊ आहे असं म्हणून मी निसटणार नाही. गाठीभोवतीचं आम्ल कमी केलं तर ती पसरायची थांबेल का, हा प्रश्न संशोधकांनी गंभीरपणे घेतला. २००९ साली उंदरांना पिण्याच्या पाण्यातून सोडा देऊन केलेल्या प्रयोगात स्तनाच्या कॅन्सरच्या नव्या गाठी कमी झाल्या. मूळ गाठ मात्र वाढतच राहिली. माणसांना त्या तोडीचा डोस रोज पाजायचा तर चव आणि पोटाच्या तक्रारी यांपुढं लोक टिकेनात. आहारातलं आम्ल किंवा अल्कलाइन पाणी आणि कॅन्सर यांच्यात संबंध आहे का, याचा शोध २०१६ साली कॅनडातल्या दोन संशोधकांनी घेतला. जगभरचे अभ्यास चाळल्यावर त्यांच्या निकषांत बसणारा एकच अभ्यास हाती लागला. तो मूत्राशयाच्या कॅन्सरवरचा होता आणि त्यातही संबंध दिसला नव्हता. अल्कलाइन पाण्यावर तर एकही नाही. त्याच २०१६ साली अमेरिकेत, ‘पीएच मिरॅकल’ या पुस्तकामुळं गाजलेला रॉबर्ट यंग परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल दोषी ठरला आणि पुढं तुरुंगात गेला. ज्या पुस्तकांतून ही कल्पना आपल्याकडच्या डेमोपर्यंत झिरपत आली, त्यांत हे एक ठळक.

तुमच्या पत्रात एक गोष्ट राहून गेलीय : मेहुणे तंबाखू खात होते का? मला तर सगळ्यात आधी तेच विचारावंसं वाटलं. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कॅन्सर ओठ आणि तोंडाचा आहे, आणि महाराष्ट्रात तंबाखू ओढणाऱ्यांपेक्षा ती चघळणारे कितीतरी जास्त. तंबाखूची बाजारपेठ निपाणी कोल्हापूरपासून चाळीसेक किलोमीटरवर. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर उभं राहून बंदी कुठं दिसते का पाहा.

आणि तंबाखू मळताना तिला काय लावतात? चुना. चुन्याच्या संपृक्त निवळीचा पीएच बारावर असतो. मशीनच्या ‘जांभळ्या’ पाण्याहून शेकडो पट अल्कलाइन अशी वस्तू आपल्याकडं लाखो लोक दिवसातून दहा वेळा गालात धरतात, आणि नेमक्या त्याच जागी कॅन्सर होतो. चुना लावण्याचं कारणही रसायनाचंच आहे. आम्लात निकोटिनवर विद्युतभार असतो, ते तोंडाच्या आवरणातून सहज आत जात नाही. चुन्यानं पीएच वर गेला की निकोटिन मोकळं होऊन झपाट्यानं रक्तात उतरतं, म्हणून ‘किक’ लागते. चुना आवरण सोलवटून ठेवतो, ते वेगळंच. सुपारीबरोबर चुना असला की तोंडात पेशींना इजा करणारी रसायनं तयार होतात; मावा-गुटखा खाणाऱ्या पोरांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, त्यामागं मुख्यतः सुपारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं तंबाखूविना नुसत्या सुपारीलाही २००४ साली कॅन्सरकारक ठरवलं. घरातल्या कुणाच्या खिशात चुन्याची डबी असेल, तर मटण आणि मशीन यांच्याआधी तिचं बघा.

आता रविवारचा प्रश्न. अन्नाचा आणि कॅन्सरचा संबंध आहेच, फक्त तो आम्लाच्या वाटेनं जात नाही. २०१५ साली त्याच संस्थेनं सॉसेज, सलामी, बेकन अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला कॅन्सरकारक म्हटलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा अंदाज दिला. लाल मांस, म्हणजे बोकडाचंही, ‘बहुधा कॅन्सरकारक’ या पायरीवर आहे. कारणं मांसातल्या लोहयुक्त रंगद्रव्याशी आणि फार तापवल्यावर तयार होणाऱ्या रसायनांशी जोडलेली आहेत, पीएचशी नाहीत. आठवड्याला शिजलेलं ३५० ते ५०० ग्रॅमपेक्षा जास्त लाल मांस नको, असं जागतिक कॅन्सर संशोधन निधीचं सांगणं आहे. बुधवार, शुक्रवार, रविवार असे तीन वार पाळणाऱ्या घरात ताट जरा तपासावं लागेल. नुसता रविवार करणाऱ्याला काळजीचं कारण नाही. त्यातही रश्श्यात शिजणारं मटण शंभर अंशांच्या आसपास राहतं, निखाऱ्यावर करपवलेल्या तुकड्यात बनणारी रसायनं त्यात कमी. तेव्हा तांबडा-पांढरा परत आणा. पांढऱ्या रश्श्याबद्दल मी तटस्थ नाही, हे वाचकानं ध्यानात घ्यावं. मात्र रश्श्याबरोबर ग्लास भरत असाल, तर दारूही ‘कॅन्सरकारक’ यादीतच आहे, देशी असो की विदेशी. बुरशी आलेले शेंगदाणे चटणीत ढकलू नका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृताचा कॅन्सर करतं आणि भाजल्यानं पुरतं जात नाही.

अल्कलाइन आहारावर गेलेल्या बऱ्याच जणांना बरं वाटतं, हेही खरं. त्या यादीत भाज्या, फळं, डाळी जास्त आणि तळण, दारू, बेकरी कमी. वजन उतरतं, पोट साफ होतं. जाड्या अंगाचा संबंध तेरा प्रकारच्या कॅन्सरशी जोडला गेलाय, तेव्हा वजन उतरणं हा मोठाच फायदा. पण त्याचं श्रेय मेथीच्या भाजीला द्या.

सोड्याचं मात्र आजच थांबवा. एका चहाच्या चमच्यात बाराशे मिलिग्रॅमच्या वर सोडियम असतं. दिवसाची मर्यादाच दोन हजार. घरात रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर हा खेळ महागात पडेल. मंडळींना कॅन्सरची भीती वाटते, ती खोटी नाही. त्यांच्यासाठी आपल्याच राज्यातला पुरावा आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या एक लाख तीस हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. २००९ साली निष्कर्ष आले : एकदा केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीनं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मशीनच्या किमतीत गल्लीतल्या सगळ्या बायकांची ही तपासणी होऊन पैसे उरतील.

मेहुण्यांचे उपचार चालू असतील तर त्यांना कुणी ‘आधी शरीर अल्कलाइन करून बघू’ म्हणू नये. नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी मार्गानं गेलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका अडीचपट दिसला, असं २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात चौकशी करा.

प्रश्न : लिंबू आंबट असून अल्कलाइन कसं? आमच्या सरांनाही सांगता आलं नाही.
— दहावीतला विद्यार्थी, कागल

उत्तर : लिंबातलं सायट्रिक आम्ल शरीरात जळून त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो. मागं पोटॅशियमसारखे क्षार उरतात आणि लघवी थोडी अल्कलाइन होते. अन्न जाळून राखेचा पीएच बघण्याची जुनी पद्धत होती, त्यावरून ही ‘आम्ल-अल्कली’ यादी आली. लघवीपुरतं ते खरं आहे, आणि काही प्रकारचे मुतखडे असणाऱ्यांना लिंबाचा त्यामुळं उपयोगही होतो. तोंडात असताना लिंबू आम्लच. दिवसभर चोखत बसलास तर दातांचं कवच झिजेल.

प्रश्न : मला पंधरा वर्षं ॲसिडिटी आहे. तिचा कॅन्सर होईल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत येत राहिलं तर वर्षानुवर्षांनी तिथलं आवरण बदलू शकतं आणि असं झालेल्यांतल्या थोड्यांना पुढं कॅन्सर होतो. जठराच्या कॅन्सरमागं बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. तो शोधणाऱ्या बॅरी मार्शलनं १९८४ साली स्वतःच त्या जंतूंचं द्रावण प्यायलं, आजारी पडला, आणि २००५ साली रॉबिन वॉरनबरोबर नोबेल घेतलं. हा जंतू तपासणीत सापडतो आणि अँटिबायोटिकनं जातो. पंधरा वर्षं मेडिकलमधून गोळी आणून खात असाल तर एकदा दुर्बिणीची तपासणी करा. घास अडकणं, वजन उतरणं, काळी शौच यांतलं काही असेल तर या आठवड्यातच.

प्रश्न : सासूबाई चाळीस वर्षं मिश्री लावतात. तंबाखू खात नाहीत, चुना तर नाहीच. मग काळजी नाही ना?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : मिश्री म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच. भाजताना धुरात असतात तशी कॅन्सरकारक रसायनं तिच्यात वाढतात. चुना नसला तरी ती हिरडीवर घासून तिथंच राहते, आणि दिवसातून चार-चार वेळा. त्यांना उजेडात बसवा, कवळी असेल तर काढायला लावा आणि गालांच्या आतून, हिरड्यांवरून, जिभेच्या कडांवरून नजर फिरवा. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम, तीन बोटं आत न जाण्याइतका आवळलेला जबडा, यांतलं काहीही दिसलं तर दंतवैद्याकडं न्या. तंबाखू सोडवायला मदत करणारा सरकारी मोफत क्रमांक १८००-११-२३५६ आहे. चाळीस वर्षांची सवय सुनेच्या सांगण्यानं सुटत नाही. तेव्हा सोडायचं बोलणं डॉक्टरांच्या तोंडून होऊ द्या, तुम्ही फक्त सोबत जा.